मीना का गेली?

दारासमोर आरोग्य खात्याची गाडी थांबली, तरी रामराव ओसरीवरून उठले नाहीत. गाडीतून आरोग्य केंद्राच्या डॉ. अर्पिता उतरल्या आणि त्यांच्या मागून नर्स उषाबाई. उषाबाईंना बघताच रामरावांनी तोंड फिरवलं.

वडीगोद्रीच्या पलीकडच्या एका लहान गावातलं हे घर. रामरावांची सून, भागवतची बायको मीना, गेल्या महिन्यात गेली. आरोग्य केंद्रात बाळंतपण सुखरूप झालं, मुलगी झाली, दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकी घरी आल्या. संध्याकाळी मीनाचं अंगावरून रक्त जाणं वाढलं. शेवटी घाईघाईनं जीपमध्ये घातलं, पण जालन्याच्या रस्त्यावरच तिचा जीव गेला.

"चौकशीला आल्या म्हणे," रामराव भागवतच्या कानाशी पुटपुटले. "तोंड सांभाळून बोल. आपल्याच तोंडून काहीबाही वदवून घेतील अन् सारा दोष आपल्यावर ढकलतील."

भागवतनं नुसती मान हलवली. त्याचा हात खिशातल्या मोबाइलवर होता. त्या संध्याकाळी त्यानं उषाबाईंना फोन केला होता. "थोडंफार जातंच, सकाळी घेऊन या," असं त्या म्हणाल्या होत्या. आता दवाखाना हा फोन नाकबूल करणार, याची बापलेकांना खात्री होती.

सतरंजी कुणी टाकली नाही. डॉक्टर ओसरीच्या कडेवरच बसल्या.

"काका, आधी आमच्याकडचं सांगते," त्या म्हणाल्या. "मीनाताईंच्या घरून त्या संध्याकाळी फोन आला होता. सकाळी आणा, असं आमच्या सिस्टरनं सांगितलं. ते चूक होतं. त्याच वेळी गाडी पाठवायला हवी होती."

रामराव बघतच राहिले. जे लपवलं जाईल म्हणून त्यांनी महिनाभर दात-ओठ खाल्ले होते, ते या बाईनं आल्या आल्या समोर ठेवलं! पण लगेच त्यांच्या मनात आलं, यातही काही डाव असेल.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"मीच सांगितलं," उषाबाई म्हणाल्या. "मला वाटलं, घरचे घाबरलेत म्हणून फोन केला. दिवसभराच्या कामानं मी थकले होते. पण हे काही कारण झालं नाही, भागवतभाऊ. मी चुकले."

"मंग घरी बसवा हिला!" रामराव उसळले. "आमची पोर गेली अन् ही अजून नोकरी करून राह्यली?"

"त्याचा निर्णय वरिष्ठ घेतील. तुमचं म्हणणं जसंच्या तसं त्यांच्यापुढे ठेवीन," डॉक्टर म्हणाल्या. "पण काका, तेवढ्यावर थांबलो, तर यांच्या जागी दुसरी येईल आणि तीही फोनवर 'सकाळी या' म्हणेल. बाळंतिणीला दोन दिवस ठेवायचं असतं. तुम्ही घरी न्यायची घाई केलीत, आम्ही 'बरं, न्या' म्हटलं. घरी गेल्यावर काय दिसलं तर थांबायचं नाही, हे आम्ही कुणी सांगितलंच नाही. आता घरात काय झालं, ते मला कळायला हवं. शिक्षा करायला नाही विचारत मी. पुढची बाई वाचावी म्हणून विचारते."

"बघितलं?" रामराव भागवतकडे वळले. "आलं ना आपल्यावर!"

"मी सांगते."

दारात रामरावांची बायको द्वारकाबाई उभ्या होत्या, मीनाची मुलगी त्यांच्या खांद्याशी झोपलेली. नवऱ्यानं डोळे वटारले, तरी त्या पुढे आल्या.

"घडीघडी कपडा भिजून राह्यला होता, मॅडम. ती म्हणली, आत्याबाई, डोळ्यांपुढं अंधारी येऊन राह्यली. मला वाटलं, पोटातलं खराब रगत आहे, जाईल तितकं बरं. मी भागवतला बी थोडंच सांगितलं. बाळंतपणातलं लेकाला काय सांगावं? मंग त्यानं फोनवर बी थोडंच सांगितलं. हात गार पडले तवा मी घाबरले... तवर काय राह्यलं न्हाई!"

त्या मटकन खाली बसल्या. भागवतनं उठून आईच्या खांद्यावरून मुलीला घेतलं.

"मावशी, कपडे किती भिजले, हे आम्हीच फोनवर विचारायला हवं होतं," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "वार पूर्ण पडली नाही, एखादा तुकडा आत राहिला, तर असा रक्तस्राव होतो. ते खराब रक्त नसतं. ते तिचं स्वतःचं रक्त असतं. तासा-दोन तासांत बाई हातची जाते."

गाडी निघाली, तेव्हा रामराव ओसरीवरून उठून दारापर्यंत आले.

उषाबाईंना लेखी ताकीद मिळाली, पुन्हा प्रशिक्षणालाही जावं लागलं. केंद्रात डॉक्टरांनी नवा शिरस्ता घातला. दोन दिवस पूर्ण झाल्याशिवाय बाळंतिणीला सोडायचं नाही. सोडताना नवरा आणि सासू दोघांना समोर बसवून धोक्याच्या खुणा सांगायच्या. आणि रक्त जातंय असा फोन आला, तर 'सकाळी या' हे शब्द कुणी उच्चारायचे नाहीत.

पावसाळा सरला. शेजारच्या तुळजाबाईंची लेक माहेरी बाळंतीण झाली होती. केंद्रातून घरी आल्यावर चार दिवसांनी, भर दुपारी, तिला रक्तस्राव सुरू झाला. द्वारकाबाईंनी भिजलेले कपडे पाहिले आणि तिथूनच ओरडल्या, "भागवत, फोन लाव! जल्दी!"

फोन उषाबाईंनीच उचलला. "कपडे किती भिजले? चक्कर येते का? बरं, गाडी निघाली. तिला आडवं ठेवा, मी येतेच."

गाडी दारात आली, तेवढ्यात गल्लीतले अण्णासाहेब पुढे आले. "कशाला घाई करता? हे लोक आता जालन्याला धाडतील. त्यांचं कमिशन असतं तिथं."

तुळजाबाई घुटमळल्या. अन् रामराव गरजले, "कमिशन असंल तर उद्या मी सोता जाऊन विचारीन! आधी पोरीला गाडीत घाला!"

केंद्रात इंजेक्शन दिलं, सलाईन लावली, पोटावरून गर्भाशय चोळून आवळून आणलं. उषाबाई तिच्यासोबतच जालन्याला गेल्या. तिथं सरकारी दवाखान्यात रक्त मिळालं. पोर वाचली!

रामराव बोलल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी केंद्रात गेले, अण्णासाहेबांना ओढत घेऊनच. "मॅडम, स्पष्ट विचारतो. जालन्याला धाडण्यात तुमचं काही कमिशन असतं का?"

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "इथं रक्त साठवायची सोय नाही, म्हणून पाठवावं लागतं. पण तुम्ही तोंडावर विचारलंत, हे फार बरं केलंत. लोक मनात ठेवतात आणि बाईला घरात ठेवतात."

अण्णासाहेब खाली बघू लागले. रामराव म्हणाले, "आम्ही बी तेच करून राह्यलो होतो, मॅडम. तुमच्यावर भरवसा नव्हता, म्हणून तिला दुसऱ्याच दिवशी घरी नेलं. आमची मीना त्यातच गेली."

वाचकहो, दवाखान्याबद्दल शंका येणं गुन्हा नाही. ती जरूर विचारा, हक्कानं विचारा. पण शंका घोळवत बसण्यात बाळंतिणीचा वेळ घालवू नका. आणि डॉक्टर-नर्स भगिनी-बंधूंनो, तुमची सुई-सलाईन मोलाची आहेच, पण चूक झाली तर ती कबूल करणारी जीभही तितकीच मोलाची आहे. दवाखाना आणि घर एकमेकांशी खरं बोलू लागले, की आया वाचतात!