ओरखडे पडलेली बादली

मित्रांनो, मला पाहून नाक मुरडू नका. मी एक जुनी, झाकणाची पांढरी प्लास्टिकची बादली आहे. अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या एका लहान गावात, एल्डन हेग नावाच्या निवृत्त पोस्टमनच्या तळघरात माझं आयुष्य गेलं.

माझ्या पोटात बिअर आंबायची. मोड आणून वाळवलेल्या जवाचा गोड काढा एल्डन माझ्यात ओतायचा, यीस्ट घालून झाकण लावायचा, आणि मी आपली बुडबुडत बसायचे. पण त्याआधी तो माझ्यात डोकं घालून वास घ्यायचा. जरा शंका आली की मऊ फडक्याने पुन्हा धुवायचा. देवाची उपकरणी धुवावीत तशा हलक्या हाताने. जत्रेतल्या बिअरच्या स्पर्धेत बक्षिसाची फीत मिळाली, की आल्यागेल्याला मलाच दाखवायचा. म्हणायचा, "हिच्या हाताला गुण आहे." मला कुठले हात! पण बरं वाटायचं.

मग त्याला मोठा ताप आला. ताप उतरला, पण जाताना नाकातला वासच घेऊन गेला. ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नाही. बायकोला, लोर्नालासुद्धा नाही. तो माझ्यात डोकं घालायचा आणि नुसताच थांबून राहायचा. मी स्वच्छ आहे याची त्याला खात्रीच पटेना. शेवटी त्याने तारेची घासणी घेतली. घास घास घासलं. माझ्या अंगभर ओरखडे उठले आणि त्यांत नको ते जंतू दडून बसले. मला ओरडून सांगावंसं वाटे, पण बादलीला वाचा कुठली?

बिअर तयार झाली. जिभेला हवी तशी कडू लागली, तसा तो खूश झाला. बाटल्या भरताना पुटपुटला, "यंदा फीत मिळाली, तर कुणाला काही सांगायलाच नको."

स्पर्धेत बाटल्यांवर नाव नसतं. एल्डन परीक्षकांच्या हाताखाली मदतीला होता. उरलेली बिअर ओतायला घरून बादली न्यायची असते, म्हणून त्याने मला नेलं.

परीक्षक बर्निसबाईंनी एक पेला नाकाशी नेला आणि झटकन लांब धरला. "शी! जखमेच्या पट्टीचा वास!"

शेजारचा परीक्षक म्हणाला, "दवाखान्यात केली की काय?"

आणि ती बिअर माझ्यात ओतली. मी ओळखली. माझीच होती.

"एल्डन, तू यातला जुना माणूस," बर्निसबाई म्हणाल्या. "घे, वास घेऊन सांग बरं."

'हो, वाईट आहे,' एवढं म्हणाला असता तरी निभावलं असतं. पण त्याने पेला नाकाशी न नेताच खाली ठेवला.

"मला वास येत नाही, बर्निस. दोन वर्षं झाली. आणि ही बिअर माझी आहे."

लोर्ना परीक्षकांसाठी कॉफी घेऊन आली होती. ती जागीच थबकली.

"मग रोज माझ्या सुपाला 'काय वास सुटलाय' म्हणतोस, ते काय रे?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून."

"वाईट तर आत्ता वाटलं," लोर्ना म्हणाली.

मित्रांनो, माझ्यात आता पुन्हा बिअर होणार नाही. तुम्हाला कळकळीने एवढंच सांगते, आमच्यासारख्या भांड्यांना मऊ हाताने धुवा. आणि स्वतःचं काही हरवलं असेल, तर घरच्या माणसाला सांगा. आम्हाला घासून ते परत येत नाही.