मी पाहिलेले लाल जंतू

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोस्कोप आहे आणि माझ्या मनात अजून राग आहे. हे आधीच सांगतो, म्हणजे माझ्याकडून गोड बोलण्याची आशा तुम्ही धरणार नाही.

माझा जन्म अंबाल्याच्या कारखान्यात झाला. तिथून मी यवतमाळच्या एका खाजगी दवाखान्याच्या लॅबमध्ये आलो. बावीस वर्षं पद्मजाताई माझ्या भिंगाला डोळा लावून बसल्या. हिवताप, क्षय, आम्ही दोघांनी किती ओळखले याची मोजदाद नाही. काम संपलं की त्या मऊ कापडाने माझी काच पुसत. त्यांच्या रिपोर्टवर कधी कोणी शंका घेतली नाही.

मग कय्युमभाई आले. वणीला कोळशाचे ट्रक दुरुस्त करणारे मिस्त्री. बोनेट न उघडता, नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगत. एकदा जॅक सरकला आणि डोक्याला जबर मार लागला. ऑपरेशन झालं. मेंदूत साचणारं पाणी बाहेर काढायला डोक्यात एक बारीक नळी बसवली.

सहाव्या दिवशी ताप चढला. बेशुद्ध माणूस डोकं दुखतं म्हणून सांगू शकत नाही; त्याच्या वतीने नळीतलं पाणीच बोलतं. ते गढूळ झालं होतं. पद्मजाताईंनी त्याचा थेंब काचपट्टीवर पसरला, रंग दिला आणि पट्टी माझ्यासमोर ठेवली. मला लाल जंतू दिसले. लहान दांड्यांसारखे, शेकड्यांनी. मेंदूच्या पाण्यात एकही असायला नको.

दवाखान्याचे मालक डॉक्टर अवधूत लॅबमध्ये आले. अतिदक्षता विभागातल्या बेसिनचा नळ आठवडाभर कोरडा होता आणि डॉक्टर त्याच हातमोज्यांनी एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जात. पद्मजाताईंनी दोनदा सांगितलं होतं. रिपोर्ट बाहेर गेला असता तर सगळंच बाहेर गेलं असतं.

"ताई, हा मायक्रोस्कोप म्हातारा झाला. याला काहीही दिसतं," ते म्हणाले. "जंतू नाहीत, असं लिहा."

"मला दिसलं तेच मी लिहिलंय, सर."

त्यांनी कागद फाडला आणि स्वतःच्या सहीने दुसरा काढला. औषध बदललं नाही. नळी तशीच राहिली. पद्मजाताईंनी ती काचपट्टी कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकली.

दोन दिवसांनी कय्युमभाईंची बायको गझाला लॅबच्या दारात उभी राहिली. "ताई, ताप काहून उतरून नाही राह्यला? मले खरं सांगा."

पद्मजाताईंनी खरं सांगितलं. त्याच दुपारी गझालाने नवऱ्याला नागपूरला हलवलं. तिथे नळी बदलली, योग्य औषध सुरू झालं. कय्युमभाई वाचले. पण दोन्ही कान गेले, कायमचे.

पद्मजाताईंना नोकरीवरून काढलं. मला जिन्याखालच्या खोलीत, मोडक्या स्ट्रेचरवर टाकलं. पाच महिने माझ्या काचेवर धूळ बसत होती आणि माझ्या मनात एकच इच्छा होती. तो माणूस एकदा माझ्यासमोर वाकावा.

गझालाने तक्रार केली, आणि ती मागे घ्यावी म्हणून आलेल्या प्रत्येकाला दारातूनच परत पाठवलं. चौकशी समिती बसली. डॉक्टर म्हणाले, यंत्रच खराब होतं. तेव्हा समितीतल्या वयस्कर बाई म्हणाल्या, "मग त्याच यंत्रातून पाहू."

मला बाहेर काढलं. पद्मजाताईंनी माझी काच पुसली आणि जपून ठेवलेली तीच पट्टी माझ्यासमोर ठेवली. माझा एकही स्क्रू सैल झाला नव्हता. समितीतल्या तिघांनी पाहिलं. मग बाई म्हणाल्या, "डॉक्टर, आता तुम्ही."

डॉक्टर अवधूत वाकले. त्यांची पापणी माझ्या काचेला लागली. मी बावीस वर्षांत कोणाला इतकं स्पष्ट दाखवलं नव्हतं. एकेक जंतू, धारदार कडांचा. त्यांच्या कपाळाचा घाम माझ्यावर टपकला. मला दया आली नाही.

"काय दिसतं?" बाईंनी विचारलं.

"जंतू," ते म्हणाले.

त्यांचा अतिदक्षता विभाग बंद झाला. त्यांना दोन वर्षं डॉक्टरकी करायला मनाई झाली. निकाल ऐकून गझाला म्हणाली, "दोनच वर्षं? अन् ह्यायच्या कानाचं काय?"

दवाखान्याने मला भंगारात काढलं, तेव्हा पद्मजाताईंनी मला विकत घेतलं; आता मी त्यांच्या स्वतःच्या छोट्या लॅबमध्ये असतो. शिकायला येणाऱ्या मुलींना त्या पहिल्या दिवशी तीच पट्टी दाखवतात आणि ते जंतू कोणाच्या हातांवरून गेले, ते नाव घेऊन सांगतात. दर वेळी ते नाव ऐकलं की मला बरं वाटतं.

मित्रांनो, आजारी माणसाला शिवण्याआधी हात धुवा आणि जे दिसेल तेच लिहा. मला पुसलं नाहीत तरी चालेल, धूळ मी सहन करतो. पण दिसलेलं दिसलं नाही म्हणणाऱ्याला मी विसरत नाही.