चहाआधीची गोळी

राज्य नवं झालं तेव्हा रायपुरातली बरीच माणसंही नवी झाली. कुणी ठेकेदार झालं, कुणी सल्लागार. भार्गवकाका केसांचे तज्ज्ञ झाले. त्याआधी ते पंडरीच्या कापडबाजारात ब्लाउजपीस विकत आणि त्या कामात चांगले होते. समता कॉलोनीत त्यांनी काचेच्या दाराचं सेंटर काढलं, पांढरा कोट शिवून घेतला. ज्या बायकांनी वर्षानुवर्षं त्यांच्याशी अस्तराच्या कापडावरून घासाघीस केली होती, त्याच आता त्या कोटासमोर मान खाली घालून बसू लागल्या.

माझी आईही बसली. तिचं थायरॉइड कमी असल्याचं रक्त तपासून कळलं होतं आणि डॉक्टरांनी रोजची गोळी दिली होती. सुरुवातीचे काही महिने केस थोडे जास्तच गळतील, मग थांबतील, हळूहळू परत येतील, असं त्यांनी तिला सांगितलंही होतं. पण कंगव्यात रोज गुंतवळ दिसत असताना 'हळूहळू'वर कोण विश्वास ठेवतं? काकांनी तिच्या डोक्यावर टॉर्च मारला आणि निदान केलं, की गोळीच केस खाऊन राहिली. "जहर है ये, वहिनी. बंद करा. मी जड़ से ठीक करतो." आईनं गोळी बंद केली आणि काकांच्या सेंटरमधलं तेल चोळायला घेतलं.

पावसाळा संपता संपता तिचा चेहरा सुजला. शेजारणी म्हणाल्या, तब्येत सुधारली. तिला सारखी थंडी वाजे, भर दुपारी झोप येई, जीभ जड झाल्यासारखं बोलणं होई. बाबा म्हणाले, वय झालं. मी नागपूरहून फोनवर विचारलं की ती सांगायची, "घेऊन राहिली न मी सगळं." जानेवारीत न्यूमोनियाचं निमित्त झालं. दवाखान्यातल्या डॉक्टरनं पहिलंच विचारलं, थायरॉइडची गोळी कधीपासून बंद आहे? बाबा म्हणाले, "आता तेल सुरू आहे." आई त्या दवाखान्यातून परत आली नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच भार्गवकाका आणि चित्राकाकू भेटायला आले. काका आईच्या फोटोसमोर हात जोडून उभे राहिले, मग खुर्चीत बसले आणि मीरामावशीच्या भांगाकडे पाहू लागले. मावशी आईची धाकटी बहीण. तिलाही तोच आजार, आणि तिनंही दिवाळीपासून गोळी सोडून तेल धरलं होतं. आई गेल्यापासून मी तिच्या मागे लागले होते, गोळी परत सुरू कर. "तू डॉक्टर आहेस का?" एवढंच ती म्हणायची. तिचा चेहराही आता आईसारखा दिसायला लागला होता.

"मीराताई, जरा इधर उजेडात या," काका म्हणाले. "देखा? नवे येऊन राहिले, बारीक बारीक. सरितावहिनींनी यायला जरा उशीर केला, नाहीतर..."

मेलेल्या बाईच्या माथी दोष मारायला त्यांना अर्धं वाक्य पुरलं. बाबांनी मान डोलावली. बाबा पाहुण्यांसमोर मान डोलावतात. रेल्वेच्या ऑफिसात आयुष्यभर त्यांनी तेच केलं.

मी चहा आणला. चित्राकाकूंनी हात आडवा केला. "मले नको."

मावशीचा चेहरा पडला. सुतक फिटल्यावर पाहुण्यांना दिलेला पहिला चहा होता तो.

"काहून वहिनी? तेरावं झालं न. आता काही विटाळ नाही आमच्या घरी."

"अवो तसं नाही, बाई!" काकू गडबडल्या. "असं कसं म्हणीन मी? निघतानीच गोळी घेतली. उपाशी पोटी घ्या लागते, मग अर्धा-पाऊण तास चहा चालत नाही. ठेवा इथंच, घेते मी."

"कशाची गोळी?" मी विचारलं.

"थायरॉइडची. लई वर्षं झाली न."

काकांनी कप खाली ठेवला. "तिचा मामला अलग आहे. हार्मोन का है."

"मग ताईचा कशाचा होता?" मावशी म्हणाली.

"चल चित्रा, उशीर होऊन राहिला. नव्या राजधानीत दुसऱ्या सेंटरच्या साइटवर जायचं आहे."

मावशीनं त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. "कितीची घेता, वहिनी?"

"पंच्याहत्तरची. आधी पन्नासची होती."

"आणि केस?"

"मूठ मूठ जात होते आधी. मग थांबले."

"तेल नाही लावत?"

"नाही बाई. त्याचा वासच सहन होत नाही मले."

बाबांनी या वेळी मान डोलावली नाही. मावशी उठून आत गेली आणि आपली तेलाची बाटली घेऊन आली. "भैया, हे घेऊन जा."

काकांनी बाटली उजेडात धरली, किती उरलंय ते पाहिलं. "खुली हुई बाटली परत नाही घेत आम्ही, मीराताई."

मी काहीतरी बोलणार होते. आई गेली त्या दिवसापासून मी मनात वाक्यं जुळवत होते, चांगली, धारदार वाक्यं. पण लाज वाटायलासुद्धा माणसाला थोडी समज लागते, आणि माझ्यासमोर एक मनुष्य बाटलीचं झाकण घट्ट करून ती अदबीनं टीपॉयवर ठेवत होता. त्याच्यावर ती वाक्यं वाया गेली असती. मी दार उघडलं. काका बाहेर पडले, त्यांच्यामागे चित्राकाकू माझ्याकडे न बघता गेल्या.

"ताईच्या गोळ्या उरल्या आहेत का?" मावशीनं विचारलं.

उरल्या होत्या. कपाटात, साड्यांच्या खाली, न फोडलेल्या पट्ट्या.

"त्या नको," मी म्हटलं. "तिचा डोस वेगळा होता. आधी तुझं रक्त तपासू, मग डॉक्टर सांगतील तेवढीच."

"आज?"

"आत्ता."

तिनं पदर डोक्यावरून घेतला. बाबा खुर्चीतून उठले. "थांबा," ते म्हणाले, "मी ऑटो आणतो."

आईसाठी त्यांनी कधी ऑटो आणला नव्हता. ते फाटकाबाहेर जाईपर्यंत मी मावशीच्या चपला शोधत राहिले.