ताईची साक्ष

परांचीवरून पडलेला रंगारी जिवानिशी वाचला, पण डोक्याला बसलेल्या मारानं जीभ जड झाली आणि चालताना तोल जाऊ लागला. अनोळखी माणसं त्याला पाहून बाजूला सरकत. थोरली बहीण, म्हणजे ताई, अशा प्रत्येकाशी भांडायची. "माझा भाऊ थेंबाला शिवत नाही," हे तिचं वाक्य साऱ्या गल्लीला पाठ झालं होतं.

तिच्याच शब्दावर त्याला तसबिरींच्या दुकानात लाकडी पट्ट्या घासायचं काम मिळालं. बरं चाललं होतं. एकदा एका गिऱ्हाइकानं हसत मालकाला विचारलं, "याची सकाळपासूनच सुरू असते का?" रंगारी पट्टी घासत राहिला, पण जेवणाच्या सुट्टीत तडक बारमध्ये गेला. न पिता बदनाम, मग पिऊनच होऊ. मार खाल्लेल्या मेंदूला थोडीही फार होते, वर फिटच्या गोळ्या चालू, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पूर्वी अर्धी बाटली रिचवून शिडी चढणारा गडी एका ग्लासात ढेपाळला. परत आला तो थेट काचांवर कोसळला.

मालकानं ताईला बोलावून घेतलं. ती इस्त्रीचं काम टाकून धावत आली. मालक 'प्यायलाय' म्हणाला मात्र, ती कडाडली. आजारी माणसावर आळ घेताना जनाची नाही तर मनाची तरी ठेवा, असं तिनं त्याला चार लोकांत सुनावलं. पॉलिशच्या उग्र वासात दुसरा वास कुणाला लागणार? मालक ओशाळला. त्यानं खुर्ची पुढे केली, पाणी दिलं आणि रंगाऱ्यापुढे हात जोडले.

ते जोडलेले हात रंगाऱ्याला बघवेनात.

"ताई, मी प्यायलोय."

तिनं मालकाकडे पाहिलं नाही. पदरानं भावाच्या तळहाताचं रक्त पुसलं आणि बाहेर पडली. रस्त्यात ती पुढे, तो भिंतीला धरत मागे. घराचं वळण आलं तरी ती वळली नाही, सरळ दवाखान्यात गेली.

डॉक्टरांनी नेहमीसारखं तिलाच विचारलं. ती जमिनीकडे बघत राहिली. तेव्हा रंगाऱ्यानंच जड जिभेनं, अडखळत, किती घेतली ते सांगितलं. एकदा कळलं नाही म्हणून पुन्हा सांगावं लागलं.