डोणगावला निघालेली खोली

मी एक खोली बोलतेय. हसू नका, राजेहो! खोली म्हटलं की तुम्ही आधी पाया शोधाल. मला पाया नाही. खाली दोन चाकं आहेत, पुढं लोखंडी दांडा, आणि दांड्याच्या टोकाला कडी. ती कडी कुणाच्या तरी मागं अडकवली की मी निघाले. स्वतःहून मला वीतभरही सरकता येत नाही. म्हणून माझा स्वभाव असा पडला, थोडा झोपाळू आणि थोडा खोडकर. ओढणारा पुढं पाहतो, मला मागं जाणारी वाट दिसते. ती पाहत पाहत डुलकी काढायची, दुसरं काम काय?

जन्मानं मी पलटणीतली. मोठी लढाई चालू होती तेव्हा माझ्यावर पिठाची पोती लादून मला कुठं कुठं फिरवलं, ते काही सलग आठवत नाही. धुकं आठवतं. ओले रस्ते आणि कुठल्याशा नदीवरचा लाकडी पूल आठवतो. लढाई संपली, आम्हाला लिलावात उभं केलं, आणि धामणगाव बढ्याच्या इंद्रभानजींनी मला विकत घेऊन आगगाडीनं नांदुऱ्याला उतरवलं. गावात मला पाहायला ही गर्दी! "इंद्रभाननं हे का आनलं बाप्पा? याले ना बैल ना इंजन!"

इंद्रभानजींनी मला आणलं ते बायकोसाठी. रुक्मिणीबाई दोन वर्षांमागं घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या छतावर, कुरडया वाळत घालताना पाय घसरून खाली आली. जीव वाचला, पण कंबर गेली. तेव्हापासून ती खाटेवर. उठून बसवलं तरी कळ मस्तकात जायची, मग बैलगाडीचे हिसके कुठून सोसणार?

तिची एकुलती लेक सत्यभामा पार डोणगावला दिलेली, मेहकराच्या पलीकडं. आणि रीत अशी की लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. त्यामुळं लग्नापासून रुक्मिणीबाईनं लेकीचं घर पाहिलंच नव्हतं, आणि इंद्रभानजींनीही नाही. नातू झाला, रीत सुटली, तर ही अशी खाटेला खिळलेली. सत्यभामा बाळाला घेऊन भेटून गेली, पण त्यानं हिचं मन भरलं नाही.

"तिले तं पाह्यलं मी," ती नवऱ्याला म्हणाली. "मले तिचं घर पाह्यचं हाये. चूल कोठी हाये, घरात उजेड येते का नाही. डोळे मिटले का मी तिच्या घरात फिरतो, पण थे घर दरवेळी निराळंच दिसते."

 मोतीराम सुताराला बोलावून इंद्रभानजींनी माझ्यावर सागाच्या फळ्यांची खोली चढवली. वर पत्रा, खाली घट्ट आवळलेली खाट, आणि मागच्या बाजूला निजल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर एक खिडकी. रुक्मिणीबाईला पहिल्यांदा माझ्यात आणून निजवलं तेव्हा मी जराशी डुलले. "अवं माय, ही तं पाळन्यावानी हालते!" म्हणत ती हसली. दोन वर्षांत ती अशी हसली नव्हती, असं सगळे म्हणाले. मला फार बरं वाटलं.

आता मला ओढणारं कुणीतरी हवं होतं. अहो, माझ्यासाठी स्थळच पाहू लागले म्हणा ना!

पहिली आली वामनरावांची छोटी मोटर. वामनराव म्हणजे इंद्रभानजींचे चुलतभाऊ. मोटर कशी, लखलखीत. पण माझा दांडा तिच्या पाठीवर टेकला मात्र, तिचं बूड खाली बसलं आणि नाक आभाळाकडं गेलं. वामनरावांनी कडी सोडली.

दुसरी जीप. रुक्मिणीबाईच्या धाकट्या भावाची, निवृत्तीची. हीपण लिलावातलीच, म्हणजे माझ्याच गोतातली. तिनं मला मोताळ्याच्या सपाट सडकेवर असं पळवलं की माझ्या फळ्या गाणं म्हणायला लागल्या.

तिसऱ्या मोटरीला कुणी जोडूनही पाहिलं नाही. जिनिंगवाले नारायणराव आपणहून म्हणाले होते, "इंद्रभानजी, माही मालमोटर न्या. मांगं हौदा हाये, अंगानं दणकट हाये. घाटात कामी येईन."

निवृत्ती भडकलाच. "माही बहीन का सरकीचं पोतं हाये, मालमोटरीनं न्यायले? बहिनीले भाऊच नेईन!"

झालं!  इंद्रभानजींनी मान डोलावली. मोटर निवडली ती नात्यानं. आणि जोखली ती मी रिकामी असताना. मला तोंड असतं तर तेव्हाच ओरडले असते, पण मी पडले खोली.

निघायच्या दिवशी सकाळी गाव लोटलं. लेकीच्या घरी रिकाम्या हातानं जातं का कुणी? सोजराबाईनं पापडांचे डबे आणले, "याचं का वजन होते बाई?" गोजरबाईनं लोणच्याच्या बरण्या आणल्या, "याचं का वजन होते?" मग तुरीच्या डाळीचं पोतं, ज्वारीची दोन, गूळ, नातवाचा सागवानी पाळणा, आणि कुणीतरी चक्क नवं कोरं दगडी जातं! प्रत्येकाचं तेवढंसंच होतं. चाकांवरचे माझे स्प्रिंगचे पाटे कण्हायला लागले. निवृत्तीची बायको वच्छलाबाई नणंदेजवळ माझ्यात बसली. पुढं जीपमध्ये निवृत्ती आणि त्याच्या शेजारी इंद्रभानजी. ते अंगानं चांगले भरलेले, बसले की जीपसुद्धा त्यांच्याकडं कलायची.

मोताळ्यापर्यंत झकास गेलो. मग राजूरचा घाट लागला. पहिल्या वळणाला जीप कुरकुरली, दुसऱ्याला धापा टाकू लागली. त्यापुढच्या चढावर तिच्या तोंडातून वाफ आली आणि ती थांबली. नुसती थांबली असती तर ठीक होतं. मी तिला मागं खेचायला लागले! मला खेचायचं नव्हतं हो, पण सगळ्या गावाचं प्रेम माझ्या पोटात भरलेलं, ते उताराकडं ओढत होतं. मागच्या खिडकीत मघापर्यंत सडक होती, आता तिथं नुसती दरी दिसायला लागली.

"मायबाई!" वच्छलाबाई किंचाळली. रुक्मिणीबाईनं खाटेची कड घट्ट धरली. इंद्रभानजींनी उडी टाकली आणि माझ्या चाकामागं धोंडा सरकवला. मी थांबले. 

"बस झालं," ते म्हणाले. "हळूहळू खाली उतरवू आन् घरी जाऊ. डोणगावचं नाव आता पुन्हा काढू नोको."

रुक्मिणीबाईनं नवऱ्याचा चेहरा पाहिला. हा माणूस घाबरला आहे आणि आज माघारी वळलो तर हा आपल्याला पुन्हा कधी घराबाहेर नेणार नाही, हे तिला कळलं. मलाही कळलं.

"वजन कोनाचं झालं?" तिनं विचारलं. "माहं?"

"तुहं काऊन होईन? सामानाचं झालं."

"मंग उतरवा सामान."

"समदं?" निवृत्ती म्हणाला. "बाई, रिकाम्या हातानं जाशीन? सत्यभामाची सासू का म्हनन?"

 रुक्मिणीबाईला त्याची लाज वाटत नव्हती असं नाही. दोन वर्षं निजून निजून तिनं हीच भेट मनात रचली होती, ओटी, नातवाचा पाळणा, विहिणीपुढं मांडायचे डबे. मग तोंड पुसून ती म्हणाली, "पोरीले माय पाह्यजे का पापड? उतरवा!"

सगळं सडकेच्या कडेला उतरलं. निवृत्तीनं जीपमध्ये पाणी भरलं, जोर लावला. आम्ही चार हात सरकलो आणि पुन्हा अडकलो. आता काय उतरवायचं?  इंद्रभानजींनी एकदा चढाकडं पाहिलं, एकदा स्वतःच्या पोटाकडं पाहिलं.

"आता मीच उरलो," ते म्हणाले आणि ज्वारीच्या पोत्यावर जाऊन बसले. "सामानालेबी कोनी पाह्यजेच. तुमी व्हा पुढं."

"अवो, तुमी?" रुक्मिणीबाईनं हाक मारली. "तुमी कोठी पाह्यलं घर तिचं?"

"मी येतो मांगून, बैलगाडी करून. तू माह्या वाटचंबी पाहून ठेव."

या खेपेला जीप निघाली. मी मागं पाहत होते, रुक्मिणीबाईही मागंच पाहत होती. पोत्यावर बसलेले इंद्रभानजी हात हलवत होते आणि लहान लहान होत गेले. ती खिडकीतून हात काढून वळण येईपर्यंत हलवत राहिली. मग दोघी नणंदा-भावजया मनसोक्त रडल्या, आणि पुढं निवृत्ती एकटाच नाक ओढत मोटर चालवत होता.

घाटावर वारा गार होता. बुलडाणा गेलं, चिखली गेली. ज्वारीची शेतं माझ्या खिडकीतून निघून मागं मागं वाहत होती, त्यांच्यावर ढगांच्या सावल्या चालत होत्या. रुक्मिणीबाईचा डोळा लागला. झोपेत ती कुठल्यातरी घरात शिरत होती, कारण मधेच म्हणाली, "इकडूनच हाये का वाट?" मी तिला जपून डोलवत नेलं. त्या दुपारी मलाही वाटत राहिलं की मी सडकेवरून जातच नाही, कुणाच्या तरी स्वप्नातून जाते आहे.

डोणगावला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. सत्यभामा धावत आली आणि आईच्या गळ्यात पडली. तिची सासू अन्नपूर्णाबाई दारात उभी. तिनं माझ्यात डोकावून पाहिलं. ना डबा, ना पोतं.

"रिकाम्या हातानं आली वं विहीनबाई," रुक्मिणीबाई खाली मान घालून म्हणाली.

"बरं झालं," अन्नपूर्णाबाई म्हणाली. "हात रिकामे असले तं नातू घेता येते." आणि तिनं बाळ तिच्या कुशीत ठेवलं.

मग आवळलेली खाट सोडवून चौघांनी तिला खाटेसकट उचलून घरात नेलं. मी बाहेर. दार अरुंद, मला काय दिसणार? नुसतं ऐकू येत होतं. "ही चूल व्हय? अन् हा कोनाडा?" खाट थांबत होती, पुढं जात होती. मग तिचा आवाज आला, "मी इतले घरं पाह्यले सपनात, त्यातलं एकबी हे नव्हतं. हे चांगलं हाये." आणि थोड्या वेळानं, "दे वं आता पानी."

इंद्रभानजी मागाहून बैलगाडीनं सगळं सामान घेऊन आले. परतीच्या वेळी निवृत्ती आपण होऊन नारायणरावांकडं गेला आणि मालमोटर घेऊन आला. काय ते ओढणं! मोटरीचा आकडा माझ्या दांड्याच्या बरोबर उंचीला, आणि उतारावर मी ढकललं तरी ती ढिम्म. पुढं दर हिवाळ्याला तिनंच आम्हाला डोणगावला नेलं, जात्यासकट.

आता रुक्मिणीबाई नाही. मी मळ्याच्या बांधावर उभी असते. रबर कुजलं आहे, खाटेखाली कोंबड्या अंडी घालतात. काल कुणी मला पाहायला आलं होतं, विकत घेतील म्हणे. घ्या बापा. पण ओढणारी मोटर निवडताना मला रिकामी जोखू नका. निघायच्या सकाळी शेजारीपाजारी यायचे ते येतीलच, त्यांचंही वजन धरा.

आणि हो, सांगायचं राहूनच गेलं. त्या संध्याकाळी सगळे आत असताना सत्यभामा एकटीच बाहेर आली. हातात पाण्याचा तांब्या होता. मला वाटलं तुळशीला घालेल. ती माझ्यापाशी आली, वाकली, आणि पाहुण्याच्या पायावर घालतात तसं माझ्या धुळीनं भरलेल्या एका चाकावर पाणी घातलं, मग दुसऱ्या चाकावर.

"माह्या मायले आनलं वं माय तू," ती म्हणाली.