अंगणाचा ढाळ

सायकल विकून टाकायची, असं ठरवूनच मी त्या शनिवारी दुकानात गेले होते. विकायची, मागे वळून बघायचं नाही आणि नवऱ्याला काहीतरी थाप ठोकायची. थापा मारण्यात मी काही कच्ची नाही. महिनाभर दुसरं काय चाललं होतं?

दुकान म्हणजे एक लांबट खोली. छताला चाकं टांगलेली, भिंतीवर पान्यांच्या रांगा आणि मधोमध सायकलवाली. पस्तिशीची, उंच, हनुवटीला ग्रीसचा डाग. आमची हायब्रिड सायकल दोन महिन्यांपूर्वी तिच्याकडूनच घेतलेली. तिनं सायकलभोवती एक चक्कर मारली.

"नवीकोरी तर आहे. का विकताय?"

"आवडत नाही."

"काय आवडत नाही?"

"सगळंच! विकत घेताना एवढ्या चौकशा केल्या नव्हत्यात."

ती हसली. "ताई, जिला सायकल आवडत नाही ती बाई साखळी अशी पुसून ठेवत नाही. खरं काय ते सांगा."

झालं. ज्या गोष्टीचा मी घरी चकार शब्द काढला नव्हता, ती एका परक्या बाईच्या दुकानात, हवेच्या पंपाशेजारी उभं राहून बोलून गेले. वर रडलेही. मला स्वतःचाच असा राग आला की काही विचारू नका.

गोष्ट अशी होती. मी कवळ्या करते. हसू नका, तुमच्यावरही वेळ येईल. दवाखान्यांतून तोंडांचे ठसे आमच्या लॅबमध्ये येतात, मग मी आधी मेणात हिरडी कोरते, त्यात एकेक दात बसवते. गेली चोवीस वर्षं हेच. या कामात चाकू धरतात तीन बोटं, पण हात स्थिर ठेवतात शेवटची दोन, अनामिका आणि करंगळी. ती मेणाच्या कडेला टेकलेली असतात, आणि चाकू किती खोल गेला ते तीच सांगतात. आणि माझ्या त्याच दोन बोटांनी महिन्याभरापासून सांगणं बंद केलं होतं. मुंग्या यायच्या, मग बधिरपणा. उजव्या हाताला जास्त. एका आजोबांची तयार कवळी माझ्या हातून सुटून फरशीवर पडली आणि तिचे दोन तुकडे झाले. चोवीस वर्षांत पहिल्यांदा.

एवढंच असतं तर मी डॉक्टरकडे गेले असते. पण माझे बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. पन्नाशीला आले तेव्हा त्यांची उजवी करंगळी बधिर झाली. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. चिमटा बोटांना लागावा म्हणून त्याच्यावर काळा दोरा गुंडाळून घेतला आणि वर्षभर तसंच रेटलं. मग दुसरं बोट, मग तिसरं. शेवटी दुकान बंद करून ते खिडकीशी बसले ते बसलेच. मला एकोणपन्नास चालू आहे. डॉक्टरकडे का गेले नाही म्हणून विचारू नका. तो काय म्हणेल हे मला ठाऊक आहे, अशी माझी खात्रीच होती. मीही माझ्या मेणाच्या चाकूवर दोरा गुंडाळला आणि सोमवारी लॅबच्या मालकीणबाईंना 'आता मला जमणार नाही' असं सांगायचं ठरवलं. पुढे ब्रेक दाबायलाही हात राहणार नाहीत, मग सायकल तरी कशाला?

सायकलवालीनं मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं.

"रोज किती चालवता?"

"लॅब नदीपलीकडे गेल्यापासून जाऊन-येऊन चौदा किलोमीटर. रविवार सोडून."

"आणि सोमवारी सकाळी बोटं कशी असतात?"

"बरी असतात. रविवारी कामाला सुट्टी ना," मी म्हणाले. मला खरंच तसं वाटायचं.

"कामाला सुट्टी," ती म्हणाली, "आणि सायकलला?"

तिनं सायकल एका स्टँडमध्ये उभी करून मला वर बसवलं आणि बाजूला उभी राहून बघत राहिली. "हात सोडा हँडलवरचे." मी सोडले आणि नाकावर आपटता आपटता वाचले. "बघा! तुम्ही सीटवर बसलेल्याच नाही. सगळ्या अंगाचा भार तळहातांवर घेऊन पुढे घसरताय. करंगळीकडे जाणारी नस इथून जाते," तिनं माझ्या तळहाताच्या बाहेरच्या कडेवर अंगठा दाबला, "आणि तुम्ही रोज तासभर तिच्यावर बसता."

मग टायर दाबून बघितले. "हे दगड आहेत की टायर? हवा कोणी भरली?"

"नवऱ्यानं. टायरवर जो आकडा आहे तेवढी, तंतोतंत."

"अहो, तो आकडा म्हणजे याच्यापुढे जाऊ नका. तिथपर्यंत जाच, असं कुठं लिहिलंय? वाटेत फरसबंदी आहे का?"

पुलाच्या दोन्ही टोकांना आहे. तिथं माझे दातसुद्धा वाजतात, आणि ते खरे आहेत.

"आणि ही उशी?" तिनं सीटमध्ये बोट खुपसलं. ती जेलची मऊमऊ सीट माझ्या नणंदेनं आग्रहानं घ्यायला लावली होती. "हिच्यावर हाडं टेकतच नाहीत, नुसती बुडतात. पण ताई, खरा घोळ वेगळाच आहे. सीटचं नाक खाली गेलंय."

"शक्यच नाही!" मी ताडकन म्हणाले. आता नवऱ्यावर काही आलं की मला राहवत नाही. मी स्वतः बोलेन, दुसऱ्यानं बोलायचं नाही. "माझा नवरा फरश्या बसवतो. बाविसाव्या वर्षापासून. त्यानं पाणसळ लावून सीट बसवलीय. तुम्ही बसवून देत होतात तर त्याला अपमान वाटला होता."

तिनं सायकल स्टँडवरून उतरवून जमिनीवर उभी केली, सीटवर एक लाकडी पट्टी ठेवली आणि पट्टीवर पाणसळ. पाणसळीच्या हिरव्या नळीतला बुडबुडा पार मागे जाऊन चिकटला. नाक चांगलं सव्वा सेंटीमीटर खाली.

"सीट बसवली कुठं?"

"घरामागच्या अंगणात."

"अंगण सपाट आहे?"

"आहे म्हणजे काय! त्यानं स्वतः केलंय. सासूबाई साचलेल्या पाण्यात घसरून पडल्या, त्यानंतर सगळी फरशी उखडून मीटरला पाच सेंटीमीटर ढाळ…"

बादली उपडी केली की पाणी घरापासून फाटकाकडे पळत सुटतं, असं ते अंगण. घरी येणाऱ्या प्रत्येकाला हे नवऱ्यानं पाणी ओतून दाखवलेलं आहे. आणि सायकल उभी होती पुढचं चाक घराकडे, चढावर तोंड करून. बुडबुडा मधोमध आला, नवरा खूश झाला. सपाट रस्त्यावर येताच सीटनं मान टाकली.

मी हसायला लागले. सायकलवालीही लागली. दुकानात एक गृहस्थ पंक्चर काढून घ्यायला आले होते, ते आमच्याकडे बघून बाहेर जाऊन उभे राहिले.

"मी डॉक्टर नाही," हसू आवरून ती म्हणाली. "दोन आठवडे बघा. बोटं परत आली नाहीत तर सरळ डॉक्टरकडे जायचं, नाटकं चालणार नाहीत. पण सोमवारी मालकीणबाईंना काही बोलू नका."

मग तिनं मला एका जाड पुठ्ठ्यावर बसवलं. या वयात पुठ्ठ्यावर बसून उठायचं आणि आपल्या बुडाचे दोन खळगे एका बाईनं पट्टीनं मोजायचे, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी गेलेच नसते. त्या मापाची एक मध्यम रुंद, जरा कडक सीट तिनं काढली. "कडक?" "हाडं टेकायला पाहिजेत, बुडायला नकोत." सीट सरळ केली, अर्ध्या बोटाएवढी मागे घेतली. टाच पॅडलवर ठेवून गुडघा सरळ होतो ना, ते बघून उंची ठरवली. हँडल वर आणि जवळ आणलं. चिंचोळे टायर काढून रुंद घातले, हवा बेतानं भरली, आणि पुढं किती तर मागं किती ते मला कागदावर लिहून दिलं. "आता सोडा हात." सोडले. मी जिथल्या तिथं बसून राहिले, खुर्चीत बसावं तशी.

घरी कोणाला सांगायचंही नव्हतं. नवरा बाहेरगावी दहा दिवसांच्या मोठ्या कामावर गेला होता. एरवी बाहेरगावचं काम म्हटलं की त्यांना परका बिछाना मानवत नाही, दुसऱ्याच्या हातचा चहा मानवत नाही, सतराशे साठ कारणं. या वेळी मुकाट्यानं का गेले, कोण जाणे. फोनवर मी सायकलचं नावही काढलं नाही. आधी बोटांनी तर हो म्हणू दे.

बोटं काही लगेच ऐकेनात. पहिले चार दिवस मी रोज सकाळी पांघरुणाची कड करंगळीनं चाचपून बघायची आणि रोज घाबरायची. पाचव्या दिवशी मुंग्या कमी झाल्या. की मला तसं वाटलं? मन मोठं लबाड असतं. दहाव्या दिवशी, मंगळवारी, लॅबमध्ये कोरायच्या मेणाचा एक गरम थेंब माझ्या उजव्या करंगळीवर पडला.

"आई गं!" मी एवढ्यानं ओरडले की सगळी लॅब उठून उभी राहिली.

"भाजलं का?" मालकीणबाई धावत आल्या.

"भाजलं!" मी म्हणाले. "अहो, चांगलंच भाजलं!" आणि मी त्यांना मिठी मारली. त्यांना अजून माझी जरा काळजीच वाटते.

त्या दिवशी पुलावरून घरी येताना मी मोठमोठ्यानं गात आले. छातीवरचा धोंडा उतरला होता. आवाज माझा भसाडा आहे, पण मला काय त्याचं!

घरी येऊन सायकल अंगणात लावली तर नवरा परत आलेला. मी चहा टाकायला आत गेले. बाहेर आले तो काय, हे सायकलपाशी उकिडवे बसलेले, एका हातात पाणसळ, दुसऱ्यात पाना.

"सीट कोणी हलवली?"

"सायकलवालीनं."

"अगं, पार वाकडी करून ठेवलीय! नाक वर गेलंय. बघ बुडबुडा कुठंय तो." आणि पाना लावला बोल्टला.

"हात लावू नका!" मी इतक्या जोरात किंचाळले की पाना त्यांच्या पायावर पडला. आणि मग मी सगळं सांगितलं. बोटं, कवळी, बाबा, पुठ्ठा, बुडबुडा, सगळं एका दमात. मधे चहा उतू गेला तरी थांबले नाही.

ते ऐकत राहिले. मग उठले, नळाखालची भरलेली बादली उचलली आणि घराच्या पायरीपाशी ओतली. पाणी सायकलच्या पुढच्या चाकाखालून, मग मागच्या चाकाखालून फाटकाकडे पळत गेलं. ते बघत उभे राहिले.

"माझाच ढाळ," ते म्हणाले. "माझ्या हातानं दिलेला. आणि मी चढावर उभी करून… गाढव आहे मी."

"आहातच," मी म्हणाले. मला हसू येत होतं, त्यांना येत नव्हतं.

"आता बरी आहेत ना बोटं? पक्कं?"

"पक्कं. आज भाजलंसुद्धा."

ते आत गेले, माझ्या पिशवीतून मेणाचा चाकू घेऊन आले. मी गारच पडले. दाखवलेला कधी नव्हता मी त्यांना.

"महिन्याभरापूर्वी तुझा ॲप्रन धुवायला टाकत होतो, त्याच्या खिशात सापडला," ते म्हणाले. "लग्नाआधी घड्याळ दुरुस्तीला द्यायला यायचो, तेव्हा तुझ्या बाबांच्या चिमट्यावर असाच दोरा बघितला होता. त्यांनी पुढे दुकान बंद केलं. मला कळलं. तू सांगत नव्हतीस, मग मी तरी कसं विचारणार?"

"म्हणून बाहेरगावचं काम घेतलंत?"

"तू घरी बसलीस तर तुला पैशाची चिंता नको, एवढंच डोक्यात होतं." ते माझ्याकडे बघत नव्हते. खिशातून त्यांनी फरशीच्या सांध्यांची पातळ सुरी काढली, दोऱ्याखाली घातली आणि कापला. मेण लागून दोरा कडक झाला होता. तो सुटून पाण्यात पडला आणि ढाळावरून वाहत फाटकापर्यंत गेला.

मग त्यांनी माझी करंगळी धरली आणि दाबली. फरशीवाल्याचा हात तो.

"कळतंय?"

"कळतंय."

अजून जोरात दाबली. "आता?"

"अहो, दुखतंय! सोडा."

त्यांनी सोडली नाही.