गोड्या पाण्याचा एक घोट

अब्बा दुकानात बसल्या बसल्या गेले, आणि त्यानंतर दोन-तीन मिनिटं हंबीरराव त्यांना नळी कशी तोडायची ते सांगत होते.

हंबीरराव म्हणजे आमच्या मंगळवार पेठेतले जुने पैलवान. मटण घेताना माणसाकडं न बघता मटणाकडं बघायची त्यांची सवय. "नळी उभी फोडू नगंस, कुतुबुद्दीन, मगज सांडतोय," असं त्यांनी तीनदा सांगितलं. चौथ्यांदा वर बघितलं, तर अब्बांची मान भिंतीला टेकली होती आणि सत्तूर मांडीवर निजला होता.

"मला वाटलं ऐकतोय," हंबीरराव पुढं कित्येक दिवस भेटेल त्याला सांगत होते. "तीस वर्षांत पयल्यांदाच उलटं न बोलता ऐकलं की त्यानं."

मी त्या वेळी शाळेत सातवीला इतिहास शिकवत होते. निरोप आला, मी आले, तोवर अब्बांना घरात आणून निजवलं होतं. आमच्यात जाणाऱ्याच्या तोंडात पाण्याचे दोन थेंब सोडतात. ते कोणी सोडले नव्हते. दुकानातला माठ त्यांच्यापासून दोन हातांवर होता, भरलेला. ज्या माणसानं आयुष्यभर सुरी लावायच्या आधी प्रत्येक बोकडाला पाणी पाजलं, तो स्वतः कोरडा गेला. हे मी कोणापाशी बोलले नाही. बोलून पाणी मागं जाऊन त्यांच्या तोंडात पडणार नव्हतं.

तरी ते डोक्यातून जाईना. त्याला कारण एक पुस्तक होतं.

आदल्या वर्षी, म्हणजे पंचाहत्तर साली, मी शाळेच्या ग्रंथालयातून एस्किमो लोकांवरचं एक जाड इंग्रजी पुस्तक घरी आणलं. अब्बांना अक्षरओळख नव्हती, पण पुस्तक ऐकायचा भारी नाद. दुपारी दुकान धुऊन आले की खाटेवर पाय पसरायचे आणि म्हणायचे, "मेहरुन्निसा, काढ बर्फवाल्यांचं." मी वाचायची आणि मराठीत सांगायची.

"ते स्वतःला एस्किमो म्हणत नाहीत, अब्बा. इनुइट म्हणतात. म्हणजे माणसं."

"आनि बाकीचे काय, बोकडं?"

त्या लोकांच्या मुलखात चार-चार महिने नीट ऊन पडत नाही, हे ऐकून त्यांना वाईट वाटलं. पण हे लोक कच्चं मांस खातात यावर मात्र त्यांनी मान हलवली. "मसाला मिळत नसंल. मिळाला असता तर कोन खातंय कच्चं?" कोल्हापुरी माणसाला जगातल्या बहुतेक दुःखांचं मूळ मसाल्याच्या अभावात दिसतं.

मग पाण्याची गोष्ट आली. सील म्हणून एक मिशाळ, गुळगुळीत प्राणी समुद्रात राहतो. त्याला मारून घरी आणला की घरची बाई त्याच्या तोंडात गोडं पाणी ओतते. का, तर तो जन्मभर खाऱ्या पाण्यात राहिलेला, सदा तहानलेला. पाणी पाजलं की त्याचा जीव खूश होऊन परत जातो आणि बाकीच्या सीलना सांगतो, त्या घरी जावा.

अब्बा उठून बसले. "मेल्यावर पाजतात?"

"मेल्यावर."

"आमी आदी पाजतो, ते मागनं पाजतात. पाजल्याशी मतलब." मग म्हणाले, "म्हंजी आपली बोकडं बी वर जाऊन सांगत असतील व्हय गं? कुतुबुद्दीनकडं जावा, पानी चांगलं हाय त्याचं?"

"सांगत असतील तर मूर्ख आहेत, अब्बा."

"बोकडंच ती," अब्बा म्हणाले.

घोटाळा झाला तो वाटपाच्या प्रकरणात. इनुइट लोकांत सीलच्या प्रत्येक भागाचा वाटेकरी जन्मापासून ठरलेला असतो. ज्याचा जो भाग, त्याच नावानं दोघं एकमेकांना हाक मारतात. 'माझा मागचा पाय', 'माझ्या बरगड्या', असं. ती हाक म्हणजे मान. हा माणूस माझा, माझ्या शिकारीत याचा वाटा, हे नातं मरेपर्यंत तुटायचं नाही, असा त्याचा अर्थ. अब्बांना हे इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी बुधवार होता याचं त्यांना भान राहिलं नाही. बुधवारी दुकानापुढं गर्दी.

हंबीररावांना त्यांनी "या, माझी नळी" म्हटलं. हंबीररावांचं लक्ष मटणाकडं होतं, त्यामुळं ते निभावलं. मग बनाबाई आली.

बनाबाई आमची भिंतीला भिंत लावून राहणारी शेजारीण. चार म्हशी, एक मुलगा ज्ञानू, आणि दारातून हाक मारली तर गावाबाहेरच्या कळंबा तलावापर्यंत पोचेल असा आवाज. तीस वर्षं ती दर बुधवारी अब्बांकडून बोकडाची मुंडी न्यायची. अब्बांनी तिला बघितलं आणि पंधरा माणसांसमोर मोठ्या प्रेमानं म्हणाले, "आली का माझी मुंडी!"

त्यानंतर काय झालं ते पेठेत बरेच दिवस सांगितलं जात होतं. "मुंडी कुनाला म्हनतोस रं? तुज्या मुंडक्यात काय भुसा भरलाय व्हय? माझं डोकं तुला बोकडाचं दिसतंय?" असं सुरू होऊन ते अब्बांच्या दाढीपर्यंत, तिथून आमच्या गटारापर्यंत, आणि शेवटी एकोणीसशे पन्नास साली आमच्या बोकडानं खाल्लेल्या तिच्या शेवंतीपर्यंत गेलं. अब्बा समजावायला गेले, "अगं बर्फात म्हनतात तसं," तर ती म्हणाली, "मग बर्फात जाऊन बस!"

त्या दिवसापासून बोलणं बंद. बनाबाई मुंडी दुसरीकडून आणू लागली आणि ती आमच्या दारावरून हलवत नेऊ लागली.

मला सगळं ठाऊक होतं. भिंतीपलीकडं जाऊन त्या हाकेचा अर्थ सांगायला मला पाच मिनिटं लागली असती. पण भांडणाची मला गंमत वाटत होती. शिवाय पुस्तकात असंही होतं की समुद्राच्या तळाशी एक बाई राहते, माणसं चुकली की तिच्या केसांचा गुंता होतो, ती चिडते आणि सगळी शिकार अडवून धरते. मग कोणीतरी खाली जाऊन तिचे केस विंचरायचे. मी अब्बांना म्हणायची, "जा, विंचरून या." ते म्हणायचे, "फनी मोडंल." आम्ही दोघं हसायचो. असे सहा महिने गेले, आणि मग अब्बाच गेले.

बनाबाई सगळ्यांत आधी आली. दारातच म्हणाली, "माझ्याशी न बोलता गेलास व्हय रं, मुडद्या!" जमलेल्या बायका दचकल्या, कारण अब्बा त्या वेळी खरोखरच मुडदा होते. तीन दिवस आमच्या घरी चूल पेटली नाही. तिन्ही दिवस तिच्याकडून भाकरी आणि पिठलं आलं. अब्बांविषयी तिनं पुन्हा एक शब्द काढला नाही.

पुस्तकातली आणखी एक गोष्ट अब्बांनी जपून ठेवली होती. इनुइट लोकांत माणूस मेला की त्याचं नाव थंडीत उघड्यावर राहतं. पुढं जे मूल जन्मेल त्याला ते द्यायचं, की नावाबरोबर माणूसही आत येतो. मग त्या तान्ह्याला सगळे जुन्या नात्यानंच हाक मारतात. मुलगी आपल्या बापाचं नाव मिळालेल्या बाळाला बापच म्हणते. त्याला कोणी रागावत नाही, कारण आत म्हातारं माणूस बसलेलं असतं. आणि नावात बाई-बुवा असा भेद नसतो.

"माझं नाव उघड्यावर ठिवू नगंस," अब्बा म्हणाले होते. "मला सर्दी लवकर हुती."

मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवणारी नव्हे. पण ते गेल्यानंतर रात्री पंखा लावायचं म्हटलं तरी हात थांबायचा. थंडीचे दिवस होते, पंख्याची गरजच नव्हती, ही गोष्ट वेगळी.

माझं लग्न झालं नव्हतं, मूल नव्हतं. मिरजेला रेल्वेत असलेला माझा भाऊ बादशहा, त्याला त्याच महिन्यात मुलगा झाला. मी पत्र टाकलं. त्याचं उत्तर आलं: "आपा, कुतुबुद्दीन ठेवलं तर पोरगं शाळेत मार खाईल. आम्ही परवेज ठेवलं आहे." त्यानंतर आठवड्यानं भिंतीपलीकडं ज्ञानूची बायको बाळंत झाली. दुसरी खेप. मुलगी.

ज्ञानूला सख्खी बहीण नाही. लहानपणापासून राखी मी बांधते. त्यामुळं पहिल्या मुलाच्या बारशाला आत्या म्हणून कानात नाव मीच सांगितलं होतं. या वेळीही बनाबाई सांगायला आली. "उद्या बारसं. दुक्खात हाईस, पर ये. कानात कुर्र करायला दुसरं कोन हाय?"

मी तिच्यामागून गोठ्यात गेले. ती म्हशीखाली बसली. मी उभ्यानंच सांगितलं, अब्बांचं नाव पोरीला द्यायचंय.

"पोरीचं नाव कुतुबुद्दीन?" बनाबाईचा हात थांबला. म्हशीनंही मान वळवली. "अगं ये, मास्तरीनबाई, डोस्कं ठिकान्यावर हाय न्हवं?"

"फक्त कानात सांगायचं. कागदावर तुम्ही ठेवाल ते."

"आनि मग काय हुतंय म्हनं?"

"ते लोक मानतात की माणूस परत येतो. त्या बाळात."

"म्हंजी तुजा बा माझ्या घरात येनार? तीस वरसं भिंतीपलीकडनं छळलं, आता भिंतीच्या अलीकडं?"

दुधाच्या धारा पुन्हा सुरू झाल्या. चरवी अर्धी भरली.

"पयलं मला एक सांग," ती चरवीतच बघत म्हणाली. "मला मुंडी का म्हनला त्यो?"

मी सांगितलं. वाटेकरी, वाटा, हाक, मान. हे नातं मरेपर्यंत सुटत नाही, हेही सांगितलं. बोलताना माझा आवाज नेहमीसारखाच राहिला, वर्गात शिकवताना असतो तसा.

"हे तुला म्हाईत हुतं?"

"होय, काकी."

"सा म्हैनं?"

"होय."

तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता पेठ जमा होणार. पण ती हळू म्हणाली, "शिकल्याली बाई तू," आणि पदरानं नाक पुसलं. मग चरवी उचलून उभी राहिली.

"माझ्या मांडीवर मुतंल का त्यो?"

"ते तर होणारच, काकी."

"धुनं मलाच करावं लागंल त्याचं?"

"होय."

"आनि रागवायचं न्हाय म्हनतीस?"

"ते लोक रागवत नाहीत."

"त्यांच्यात म्हशी नसत्याल," बनाबाई म्हणाली. "ठेव जा. पर ज्ञानूला बोलू नगंस. त्यो हनुमानाच्या देवळात अध्यक्ष हाय."

दुसऱ्या दिवशी पाळणा सजवला होता. घुगऱ्या वाटल्या. बायकांनी पाळणा म्हटला, गल्लीतल्या चिमणाबाईनं दोन कडव्यांची अदलाबदल करून. मी पाळण्यावर वाकले. आमच्यात बाळाच्या कानात अजान देतात, त्यांच्यात कुर्र करतात. मी कुर्र केलं आणि नाव सांगितलं. संबंध नाव, कुतुबुद्दीन. बायकांनी माझ्या पाठीत धपाधप बुक्के घातले, रीतीप्रमाणं. एरवी हळू मारतात. एक बुक्का फार जोरात होता, तो बनाबाईचा होता.

"काय ठेवलं गं नाव?" सगळ्या ओरडल्या.

"वनिता," मी म्हटलं. हेही ठरलेलं होतं.

बायका जेवायला बसल्यावर बनाबाईनं बाळाला मांडीवर घेतलं. नवं हिरवं इरकली लुगडं नेसली होती. मी समोर बसले. बाळाचा चेहरा लाल, सुरकुतलेला, भुवया आवळलेल्या. फुकट सल्ला देणारं गिऱ्हाईक समोर आल्यावर अब्बांचा व्हायचा तसा. अर्थात बारा दिवसांची सगळीच मुलं तशी दिसतात, हे मला कळत होतं.

"काकी, थोडं पाणी मिळेल?"

"पी की. माठ तिथं हाय."

"मला नको."

बनाबाईनं माझ्याकडं बघितलं, मग बाळाकडं. चुलीवर उकळून गार केलेलं पाणी वाटीत होतं. तिनं ती वाटी पुढं सरकवली. अब्बा गेले तेव्हा तीही आली होती, त्यांचे कोरडे ओठ तिनंही बघितले होते.

मी चमच्याच्या टोकानं दोन थेंब सोडले. बाळानं ओठ मिटले. गिळलं. मग तोंड पुन्हा उघडून तसंच ठेवलं.

"तान लागलीया की गं," बनाबाई म्हणाली. "घाल अजून."

मी घातलं. तिसऱ्यांदा घातलं. "अब्बा," मी म्हटलं, अगदी हळू, ज्ञानूला ऐकू जाणार नाही असं. "पाणी घ्या."

बनाबाई दुसरीकडं बघत होती. बघता बघता तिचा चेहरा बदलला. तिनं बाळाला जरा वर उचललं आणि खाली नजर टाकली. हिरव्या इरकलीवर मधोमध, चांगला थाळीएवढा डाग पसरत होता.

"बगितलंस?" ती म्हणाली. रागवायला तोंड उघडलं, माझ्याकडं बघितलं आणि मिटलं. मग बाळाच्या आवळलेल्या भुवयांकडं बघत, तिच्या मानानं पुष्कळ हळू आवाजात म्हणाली, "मूत, माझी मुंडी. मूत निवांत."